काल जिंकलेला विचार

जुनाट विचार म्हटला की आपल्याला लिंबू-मिरची आठवते, सोवळेओवळे आठवते, अंगारे-धुपारे आठवतात. ही यादी करताना बरेही वाटते, कारण तिच्यात आपण स्वतः क्वचितच सापडतो. पण बदलाच्या काळात ज्या विचारांनी माणसांना सर्वांत जास्त नडवले, ते बहुधा या यादीत नसतातच. ते सरकारी अहवालांत असतात, पाठ्यपुस्तकांत असतात, शहाण्यासुरत्या माणसांच्या बोलण्यात असतात. एके काळी ते नवे होते. भांडून, पुरावे मांडून, थट्टा सोसून त्यांनी आपली जागा मिळवली होती, आणि एकदा जिंकल्यावर त्यांना पुन्हा हटकण्याची गरज कुणाला वाटली नाही. आजोबांचा विचार सोडणे तुलनेने सोपे जाते. तो सोडल्याबद्दल शाबासकीही मिळते. सुटत नाही तो काल जिंकलेला विचार, असे माझे म्हणणे आहे. हे दाखवायला मुंबईसारखे दुसरे शहर नाही. सव्वाशे वर्षांच्या अंतराने हा प्रकार तिथे दोनदा घडला, आणि दुसऱ्या वेळी तो पहिल्याच्या नेमक्या उलट दिशेने घडला.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदराजवळच्या वस्तीत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असे सांगितले. मांडवीत धान्याची गोदामे होती आणि तिथे उंदीर मरत होते. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सँ यांनी प्लेगचा जंतू शोधून काढला होता आणि मेलेल्या उंदरांची नोंदही केली होती. म्हणजे कुठे पाहायचे याचा इशारा मुंबईच्या अधिकाऱ्यांना मिळालेला होता. तरी त्यांनी जे केले ते असे: गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावे म्हणून घरांची कौले उतरवली, जमिनी उकरल्या, अंथरुणे-पांघरुणे जाळली, काही घरांवर माणसांना राहण्यास अयोग्य असल्याचा शिक्का मारला, रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या माणसांना छावणीत नेले. या सगळ्याच्या मुळाशी एक प्रतिष्ठित सिद्धान्त होता. कुजणाऱ्या घाणीतून, ओलीतून, दाटीवाटीतून विषारी हवा उठते आणि ती साथ आणते, असे युरोपातले वैद्यक फार पूर्वीपासून मानत आले होते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या शहरसुधारकांनी त्या समजुतीला कायदे, खाती आणि अभियंते मिळवून दिले होते.

त्या सिद्धान्ताला आज हसणे सोपे आहे, पण तो उगीच मान्य झाला नव्हता. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची पार्लमेंट हैराण झाली, आणि मग जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली त्या शहराच्या पोटात मोठाल्या गटारांचे जाळे घातले गेले. हेतू होता दुर्गंधी घालवण्याचा. झाले असे की मैला पिण्याच्या पाण्यात मिसळायचा थांबला आणि कॉलरा हटला. कॉलरा पाण्यातून येतो हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतालच्या मृत्यूंवरून दाखवले होते. पण गटारांच्या यशाचे श्रेय बरीच वर्षे हवेच्या सिद्धान्ताच्या खात्यावर जमा होत राहिले. चुकीच्या कारणासाठी बरोबर काम झाले की चूक आणखी घट्ट होते, कारण आता तिच्यामागे यश उभे असते. मुंबईचे आरोग्य अधिकारी मूर्ख नव्हते. ज्या विचाराने लंडन वाचले त्याच विचाराने ते मुंबई वाचवायला निघाले होते.

नवी माहिती आली की जुना विचार निमूटपणे बाहेर पडतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात तो नव्या माहितीला नव्या सुनेसारखी घरात घेतो, आपले आडनाव देतो आणि घरच्या रीतीने वागायला लावतो. मुंबईत जंतूचे हेच झाले. जंतू आहे हे सर्वांनी मान्य केले; फक्त तो घाणीत राहतो आणि ओल्या जमिनीत वाढतो असे परस्पर ठरवून टाकले. मग गटार धुण्याचा कार्यक्रम बदलण्याचे कारणच उरले नाही. रोग्याला गाठ बहुतेक वेळा जांघेत येते, हे सगळेच पाहत होते. इथली गरीब माणसे अनवाणी चालतात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर वावरतात, तेव्हा पायांच्या भेगांतून आणि खरचटलेल्या जागांतून जंतू शिरत असणार, असा त्याचा अर्थ लावला गेला. आज आपल्याला ठाऊक आहे की पिसू जमिनीपासून फार उंच उडत नाही, म्हणून पायांना चावते, म्हणून गाठ जांघेत येते. पुरावा दोन्हीकडे तोच आहे. पुराव्याने विचार बदलतात असे म्हणताना ही अडचण आपण विसरतो: पुरावा पुष्कळदा दोन्ही घरी जेवतो, आणि यजमानांपैकी ज्याचे घर आधीपासून ओळखीचे असते त्याच्याकडे तो जास्त दिवस राहिला तरी कुणाला खटकत नाही.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत एक साधा प्रयोग केला. पिसवा असलेला आजारी उंदीर एका बरणीत ठेवला, आणि त्याच्याशी अंगाला अंग लागणार नाही अशा बेताने जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर. आजारी उंदीर मेला, आणि काही दिवसांत दुसराही प्लेगने मेला. पिसवा नसताना असे होत नव्हते. उंदीर मेल्यावर त्याचे अंग गार पडते, पिसवा ते सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात, आणि म्हणून नुकताच मेलेला उंदीर उचलणारा मरतो पण जुना मेलेला उंदीर उचलणारा वाचतो, ही त्यांनी लावलेली संगती आज वाचताना इतकी स्वच्छ वाटते की तिला विरोध कसा झाला याचेच नवल वाटावे. विरोध झाला, आणि तो अडाण्यांचा नव्हता. सरकारने नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशनने पिसूची कल्पना बाजूला सारली. इतरांना तसाच प्रयोग जमला नाही, असे एक कारण दिले जाई. उंदरांवरची पिसू माणसाला चावत नाही, असे युरोपातले तज्ज्ञ सांगत, आणि युरोपातल्या पिसवांबाबत ते बरेचसे खरेही होते. भारतातल्या उंदरांवर वेगळी जात होती. सिमाँ यांच्याकडे पुरावा मागितला गेला यात गैर काहीच नाही. गैर हे, की जंतू भेगांतून शिरतो म्हणणाऱ्याकडे तो कुणी मागितला नाही. प्रस्थापित विचाराची खरी सत्ता इथे असते. तो नव्या विचाराला खोटे ठरवत बसत नाही. सिद्ध करण्याचे ओझे तेवढे सगळे त्याच्या खांद्यावर टाकतो आणि स्वतः मोकळा राहतो.

याच काळात खेड्यांत वेगळे काही चालले होते. उंदीर पडू लागले की घर सोडायचे आणि शेतात झोपड्या घालून राहायचे, हा परिपाठ दख्खनच्या गावांनी थोड्याच वर्षांत स्वीकारला, आणि सरकारलाही पुढे मान्य करावे लागले की गाव रिकामे करण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही. पिसू कुणाला ठाऊक नव्हती. यावरून आपल्या पूर्वजांना सगळे आधीच कळले होते असा सूर लावणाऱ्यांच्या पंगतीला मला बसायचे नाही. त्याच माणसांनी मरीआईला नैवेद्यही दाखवले आणि रोग्यांना लपवलेही. मुद्दा त्याहून लहान आहे. देवीच्या कोपाची कल्पना त्यांच्याकडे होती, पण त्या कल्पनेने घर सोडायला मनाई केली नव्हती. मेलेला उंदीर आणि मेलेला माणूस यांच्यामध्ये ती आडवी येत नव्हती. साहेबाच्या सिद्धान्तात मात्र उंदराला जागाच नव्हती. असलीच तर ती घाणीचा आणखी एक बळी एवढीच.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पुण्यात १८९७ मध्ये जे झाले त्याला सिद्धान्ताची चूक म्हणणे हा सरळसरळ पांघरूण घालण्याचा प्रकार नाही का? त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला, वॉल्टर रँड यांच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी घरे झडतीला काढली, देवघरे आणि माजघरे तुडवली, बायकांची विटंबना झाल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. तिथे वैद्यकाचा नव्हे, सत्तेचा माज होता. हे खरे आहे. बरोबर सिद्धान्त हाती असता तरी रँड रँडच राहिला असता. पण सत्तेला कुठे घाव घालायचा हे कुणी तरी सांगावे लागते, आणि ते काम सिद्धान्ताने केले. रोग माणसाच्या अंगात, त्याच्या कपड्यांत, त्याच्या राहणीत आहे असे मानल्यावर झडती माणसांचीच होणार. शिवाय ज्या राज्यकर्त्यांच्या मते इथली माणसे मुळातच घाणेरडी होती, त्यांना घाणीचा सिद्धान्त सोयीचा होता. कालबाह्य विचार नुसत्या सवयीवर तगत नाहीत. कुणाची तरी सोय सांभाळत असतात, आणि ती सोय जोवर शिल्लक असते तोवर त्यांना मरण नसते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुण्याजवळ रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. रोग कुठून येतो याचे बरोबर ज्ञान त्यांनाही असण्याची शक्यता नव्हती. पण त्यांच्या हातून त्या अज्ञानाचे पर्यवसान झडतीत झाले नाही. तेव्हा आक्षेप निम्मा मान्य करून पुढे जावे हे बरे.

विचाराला सोय मिळाली की पाठोपाठ इमारत मिळते. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीच्या आत पोहोचावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला गेला, सँडहर्स्ट रोड काढला गेला, जुन्या चाळी पाडल्या गेल्या. पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत शिरली, आणि उंदीरही. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या ही त्याच ट्रस्टची देणगी. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक नियम लावून धरला होता: समोरच्या इमारतीचा माथा खिडकीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांहून वर जाता कामा नये, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आभाळाचा उजेड येईल. प्लेगच्या दृष्टीने या नियमाचा उपयोग जवळपास शून्य. पिसवा उजेडाला भीत नाहीत. पण हा नियम ध्यानात ठेवायला हवा, कारण त्याची गोष्ट अजून संपलेली नाही.

सिमाँ यांचे म्हणणे शेवटी खरे ठरले ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. ग्लेन लिस्टन यांनी मुंबईतल्या प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर गोळा झालेल्या पिसवा तपासल्या होत्या. १९०५ मध्ये नेमलेल्या नव्या संशोधन आयोगाने ते काम पुढे नेले. एकाच खोलीत काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही पिसूच्या उडीपलीकडे उंच टांगले. जमिनीलगतचे गिनीपिग मेले, टांगलेले वाचले. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद अंथरला; ते प्राणीही वाचले. हवा सगळ्यांना तीच होती. दूषित हवेचा सिद्धान्त या टांगलेल्या पिंजऱ्यांपाशी संपला असे म्हणायला हरकत नाही. तोवर देशात लाखो माणसे गेली होती, आणि साथ ओसरेपर्यंत हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला.

एखादा लेखक इथे थांबला असता. जुने हरले, नवे जिंकले, विज्ञानाचा विजय असो. पण मला त्या विजयाचेच पुढे काय झाले ते सांगायचे आहे. कॉलरा पाण्यातून, मलेरिया डासांतून, प्लेग पिसवांतून. वीस-पंचवीस वर्षांत हवेवरचे एकेक आरोप निकालात निघाले. १९१० मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चेपिन यांनी संसर्गाच्या मार्गांवर एक ग्रंथ लिहिला आणि रोग मुख्यतः स्पर्शाने आणि अगदी जवळच्या थेंबांनी पसरतो, हवेचा बाऊ करू नये, असे प्रतिपादन केले. त्यांचा हेतू चांगला होता. लोक दुर्गंधीला भीत राहिले तर हात धुणार नाहीत, ही त्यांची काळजी रास्त होती. त्या मांडणीवर सार्वजनिक आरोग्याच्या पिढ्या शिकल्या, आणि रोग हवेतून येतो असे म्हणणारा मागासलेला ठरू लागला. पुढे १९३० च्या दशकात विल्यम वेल्स यांनी दाखवले की खोकल्यातले बारीक थेंब वाळून हलके होतात आणि बराच काळ तरंगतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरच्या एका इस्पितळात क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा नळांतून वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांकडे नेली. गिनीपिगांना क्षय झाला. तीच हवा अतिनील किरणांतून नेली तेव्हा झाला नाही. परळला गिनीपिगांनी हवेला निर्दोष सोडले होते, बाल्टिमोरला गिनीपिगांनीच तिला पुन्हा पिंजऱ्यात उभे केले. पण तोवर खटल्याची फाईल बंद झाली होती. क्षयाचा अपवाद मान्य झाला, गोवर-कांजिण्यांचा झाला, आणि नियम जागच्या जागी राहिला. पाच मायक्रॉनहून मोठा थेंब दोन हातांवर खाली पडतो, असा एक आकडा पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. त्याहून काही पट मोठे कणही कित्येक मिनिटे तरंगतात हे हवेतल्या कणांचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक होते. डॉक्टरांची आणि त्यांची गाठ क्वचित पडत असे.

मग २०२० चा मार्च आला. महाराष्ट्रात तोच १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवरून ठासून सांगितले की कोविड हवेतून पसरत नाही. आपण भाज्या सोड्याच्या पाण्यात धुतल्या, दुधाच्या पिशव्या साबणाने घासल्या, कागदावरून रोग येतो या भीतीने कित्येक घरांनी पेपर बंद केला. बरेलीत परगावाहून आलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून जंतुनाशकाने भिजवले गेले. अशा फवाऱ्यांचे बोगदे आपल्याकडेही बाजारांच्या दारांत उभे राहिले, आणि माणसांवर जंतुनाशक मारू नका असे केंद्राच्या आरोग्य खात्याला एप्रिलमध्ये सांगावे लागले. कार्बोलिकची जागा क्लोरीनने घेतली होती, एवढाच फरक. त्याच वेळी चौपाट्या आणि बागा बंद होत्या, उघड्यावर फिरणाऱ्याला पोलीस हटकत होते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसांनी दार लावून बसणे हे सुरक्षित ठरले होते. पुरावा नव्हता असे नाही. १० मार्चला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट खोऱ्यातल्या एका गायनवृंदाची तालीम झाली. हातांना जंतुनाशक लावले होते, हस्तांदोलन आणि गळाभेटी टाळल्या होत्या. ६१ जण आले. ५३ जणांना लागण झाली, काहींची खात्रीशीर आणि काहींची लक्षणांवरून ठरवलेली, आणि दोघे मेले. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र काढून हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घ्या असे म्हटले. आरोग्य संघटनेने ती आधी कुरकुरत आणि मग २०२१ मध्ये स्पष्टपणे घेतली. दरम्यानच्या महिन्यांत सिमाँ यांच्या वेळचाच न्याय चालला होता: हवेचे नाव घेणाऱ्याने निर्विवाद पुरावा आणायचा, आणि दाराची कडी, भाजीची जुडी, पेपराचा कागद यांच्याविरुद्ध नुसता संशय पुरेसा. इथेही सोयीचा एक हिशेब असणार. हवेतून पसरतो असे म्हटले की प्रत्येक परिचारिकेला चांगला मास्क द्यावा लागतो, प्रत्येक वॉर्डाची हवा बदलावी लागते. हात धुवा असे सांगणे स्वस्त पडते, आणि न धुतल्याचा दोषही नागरिकाचा.

यावर दोन उत्तरे मिळतील. पहिले असे, की मोठ्या संस्थांनी चटकन मत बदलू नये. साथीच्या ऐन भरात रोज नवा आदेश निघाला तर लोक कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. मान्य. पण सावधपणाचा अर्थ दोन्ही दारांना कडी लावणे असा होतो. हात धुवा आणि खिडक्याही उघडा, असे सांगायला निर्विवाद पुराव्याची गरज नव्हती. खिडकी उघडून कुणाचे फारसे बिघडत नाही. एक शक्यता ठामपणे नाकारणे याला सावधपणा म्हणत नाहीत. दुसरे उत्तर जास्त अवघड आहे. मान्य विचाराला धक्का देणारा प्रत्येक जण सिमाँ नसतो. त्याच महिन्यांत कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या, काढे आणि गोमूत्र यांचेही प्रवक्ते होते, आणि आम्हालाही आज हसताय, उद्या मानाल, हा त्यांचाही युक्तिवाद होता. नव्या विचाराला दार सताड उघडे ठेवले तर हे सगळेच आत येणार. म्हणून दाराशी चौकशी हवीच. माझी तक्रार चौकशी एकतर्फी होण्याबद्दल आहे. सिमाँ यांचा प्रयोग दुसऱ्याला करून पाहता येत होता, रायलींचाही. कापराच्या पुरचुंडीमागे असा प्रयोग कुणी मांडला नव्हता. हा फरक करणे कठीण नाही. कठीण आहे तोच प्रश्न आपल्या कपाटात आधीपासून असलेल्या नियमाला विचारणे, कारण त्या नियमावर आपल्या पदव्या, खाती आणि अंदाजपत्रके उभी असतात. आणि आणखी एक नाजूक गोष्ट आहे. नवे सत्य पुष्कळदा जुन्या हरलेल्या समजुतीसारखे दिसते. २०२० मध्ये हवेचे नाव घेणे हे शिकलेल्या डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकात परत जाण्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. आपल्या पूर्वसूरींनी ज्या भुताला गाडले तेच उकरायला सांगितले जात आहे, असे वाटल्यावर माणूस पुरावा वाचत नाही, पहारा देतो.

मग विचार सोडायचा म्हणजे नेमके काय सोडायचे? सुरतेत १९९४ मध्ये प्लेगची हाकाटी झाली, लाखो लोक शहर सोडून पळाले, आणि पुढच्या दोन वर्षांत एस. आर. राव या आयुक्तांनी ते शहर झाडून काढले. घाणीच्या सिद्धान्तातले कारण खोटे ठरले होते. झाडू खोटा नव्हता. कचरा गेला की उंदरांचे अन्न जाते. विचारातले कारण आणि त्या विचाराने लावलेली वागण्याची रीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांचे आयुष्यही वेगळे असते, आणि त्यांना एकत्र गाठ मारून ठेवणे किंवा एकत्र फेकून देणे या दोन्हींत धोका आहे. पहिला धोका १८९६ ने दाखवला. दुसऱ्याचे उदाहरण आज मुंबईत उभे आहे. ऑर यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम ज्या कारणासाठी आला ते कारण खोटे होते, पण उजेड आणि वारा क्षयाच्या जंतूला मानवत नाहीत. मिरजेपासून पाचगणीपर्यंत क्षयरोग्यांची आरोग्यधामे मोकळ्या हवेच्या भरवशावर उभी राहिली होती ती उगीच नव्हे. पुढे प्रभावी औषधे आली, हवेचे नाव मागे पडले, जमिनीचा भाव चढला. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये झोपडपट्टीवासीयांच्या पुनर्वसनासाठी ज्या इमारती बांधल्या गेल्या, त्यांतल्या कित्येकींमध्ये अंतर आहे सुमारे तीन मीटर. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने तिथे पाहणी केली, तेव्हा ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. या इमारती कुणी अडाण्याने आखलेल्या नाहीत. नियमात सवलत देऊन, चटईक्षेत्राचा हिशेब मांडून, रीतसर मंजुरी घेऊन त्या बांधल्या आहेत, आणि मंजुरीच्या कागदावर खिडकीची नोंद आहे. ती खिडकी तीन मीटरवरच्या भिंतीकडे उघडते. तळमजल्यावर आभाळ दिसते का हा प्रश्न विचारणारे कलम कुणाला परत आणायचे असेल, तर त्याला आधी हे सांगत बसावे लागेल की आपण दूषित हवेच्या जमान्यातले नाही.